कापड आटते, मासा वाढतो

या पानावर आम्ही आजवर सूत, कापड, उधारी आणि कराच्या कटकटी यांविषयीच लिहीत आलो. आज माशांविषयी लिहीत आहोत, आणि तेही ताटातल्या नव्हे तर काचेच्या पेटीतल्या. काही वाचकांना हा पोरखेळ वाटेल. तथापि नांदेड-लातूर भागात हा आता चांगला चालणारा धंदा झाला आहे आणि त्यात आपली बरीच मंडळी आहेत. कोणी काच कापतो, कोणी लोखंडी स्टँडला वेल्डिंग करतो, कोणी पंप दुरुस्त करतो, तर कोणी मुंबईच्या कुर्ल्याहून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून माल आणून विकतो. दवाखाना असो, सलून असो की चपलांचे दुकान, गल्ल्याच्या मागे बुडबुडे सोडणारी पेटी दिसतेच. जिथे आपला माणूस विकायला बसला आहे, तिथल्या मालाचे गुण आणि ऐब दोन्ही पाहणे हे या पानाचे काम आहे.

वाद असा आहे. जे मासे पुढे हात-दीड हात लांबीचे होतात ते घरगुती पेटीत ठेवावेत काय, आणि एकाच पेटीत असे किती भरावेत? शौकिनांत यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो की हा सरळ जुलूम आहे. दुसरा म्हणतो की यंत्रे चांगली असली, पाणी वेळेवर बदलले, तर दाटी झाली म्हणून बिघडले काय? दुकानदार बहुतेक वेळा दोन्ही तटांना मान डोलावतो आणि आणखी एक पिशवी बांधून देतो.

आम्ही या वादात पडलो ते स्वतःचे हात पोळल्यावर. २०१४ साली दुकानाची डागडुजी केली तेव्हा गादीजवळ ३ फूट लांब, १ फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी बसवून घेतली. हिशेबाने तिच्यात सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी मावते. शहरातल्याच एका दुकानातून सहा 'शार्क' आणल्या. बोटाएवढे रुपेरी मासे, अंगावर काळसर पट्टे, पाठीवर शार्कसारखा पंख. ईदच्या हंगामात आईबापांबरोबर आलेली मुले त्या पेटीला चिकटून बसत आणि आईबाप निवांतपणे कापड पाहत. आम्ही खूश होतो. खरेदी करताना आम्ही विचारले होते, "हे किती वाढतात?" उत्तर मिळाले, "पेटीएवढेच वाढतात, साहेब. पेटी लहान तर मासा लहान."

वर्षभरात एकेक मासा फुटाच्या घरात गेला. पेटीची रुंदी १ फूट. म्हणजे तोंड फिरवायचे तर अंग मुडपून फिरवावे लागे. सकाळी शटर वर गेले की त्या आवाजाने सगळे एकदम उधळत आणि काचेवर आदळत. नाकाडे घासून पांढरी पडली. पाण्याला असा वास सुटला की एका जुन्या गिऱ्हाइकाने नाकाला रुमाल लावूनच थान पाहिले. दोन मासे आपटून मेले, एक झाकण सारून बाहेर पडला आणि सकाळी गादीखाली सापडला. उरलेले तीन आमच्या नोकराने बादलीत घालून गोदावरीत सोडले. आम्हीच सांगितले होते. एका जिवाला मोकळे केले, सवाब मिळाला, असे वाटून त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो. त्यात आमची काय चूक झाली ते पुढे येईलच.

नंतर कळले की आमची शार्क ही शार्क नव्हतीच. तो पंगास. मूळचा थायलंड-कंबोडिया-व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतला मासा, पूर्ण वाढला तर चार फुटांच्या आसपास आणि चाळीस किलोपर्यंत. आज आंध्रातल्या तळ्यांत तो टनावारी पोसतात आणि मच्छी बाजारात किलोने विकतात. जो जिन्नस इतवाऱ्यात तराजूत पडतो, तोच आम्ही शार्क म्हणून नगाने विकत घेतला होता! 'पिरान्हा' म्हणून जे लाल पोटाचे पिल्लू मिळते, ते बहुधा रूपचंद असते. तोही बाजारात कापून मिळतो. नाव बदलून माल विकण्याची कला केवळ आमच्या कापड धंद्यातच आहे असा आमचा समज होता. तो दूर झाला.

आता "पेटीएवढाच वाढतो" या वाक्याकडे येऊ, कारण सगळा धंदा या वाक्यावर उभा आहे. यात सत्याचा अंश एवढाच की घाण पाण्यात, दाटीत, माशाची वाढ मंदावते. उपाशी मुलाची उंची खुंटते, म्हणून कोणी 'मूल घराएवढेच वाढते' असे म्हणत नाही. गोल्डफिशचेच घ्या. नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो आणि वीतभर होतो. काचेच्या गोल भांड्यात तो काही महिन्यांत मरतो आणि आपण समजतो की त्याची उमरच तेवढी. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये अशा गोल भांड्यांत मासे ठेवण्यावर बंदी घातली, तेव्हा जगभर हसू झाले होते. आम्हीही तेव्हा हसलो असतो.

शौकिनांत एक जुना हिशेब चालतो. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटर पाण्याला, एक इंच मासा. त्याप्रमाणे आमच्या पेटीत तेहतीस इंच मासे मावायला हवेत. दुकानदार म्हणतो, तीन-तीन इंचांचे अकरा घ्या, हिशेब बरोबर! लहान माशांपुरते हे चालून जाते. मोठ्यांना लावले की फसगत होते, आणि ती कशी हे कापडवाल्याने सांगावे. आमच्याकडे थानाची लांबी वाढली तरी पन्हा तोच राहतो. माशाचे तसे नाही. त्याची लांबी दुप्पट झाली की पन्हाही दुप्पट होतो आणि जाडीही दुप्पट. म्हणजे वजन आठपट. एक इंचाचा मासा दहा इंचांचा झाला तर तो दहा माशांएवढा होत नाही, वजनाने तो हजार माशांएवढा होतो. खाणे आणि घाण अगदी हजारपट नसेल, पण शेकडो पटीने वाढते यात शंका नाही. इंचांच्या पट्टीने असा माल मोजणे म्हणजे गाठोड्याची दोरी मोजून आतल्या कापडाचे वजन सांगणे.

ही घाण जाते कुठे? माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया सुटतो. तो विष आहे. फिल्टरच्या स्पंजावर जगणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जंतू वसायला महिना-दीड महिना लागतो. नायट्रेट सौम्य असते, पण साठत जाते, आणि ते काढण्याचा घरगुती उपाय एकच, पाणी बदलणे. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. नांदेडात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. अशा रात्री लाइट गेली, पंप बंद पडला, की दाटीच्या पेटीत पहाटेपर्यंत मासे तोंड वर करून हवा गिळू लागतात.

दुसऱ्या तटाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. आमचा एक भाचा नांदेडातच असतो. त्याच्या घरी ४ फुटी पेटीत ऑस्कर मासे आहेत, दोन नव्हे, पाच. तो आम्हाला म्हणाला, "मामू, तुमचा फिल्टर चहाच्या गाळणीएवढा होता. माझा पहा, पेटीखाली वेगळी टाकी आहे, सगळे पाणी तिच्यातून फिरते. दर जुम्याला अर्धे पाणी बदलतो. आणि तुमचा तो पंगास, तो तर वर येऊन हवा घेतो. तळ्यात लोक त्याला दाटीनेच वाढवतात. मग मी एकटाच जालीम कसा?"

मुलगा अभ्यासू आहे, त्याचे बोलणे हवेतले नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत मासे मुद्दाम दाटीने ठेवतात हेही त्याने दाखवून दिले. कमी ठेवले तर त्यांतला दांडगा एकट्यादुकट्याला धरून मारतो, जास्त असले की मार वाटला जातो. हे आम्ही कबूल करतो. पण ते मासे चार-सहा इंचांचे असतात. आणि तळ्याचे म्हणाल, तर शेतकरी पंगास वाढवतो ते काही महिन्यांपुरते, मग जाळे टाकून बाजारात नेतो. बैठकीतल्या माशाला दहा वर्षे काढायची असतात. फिल्टर पाणी साफ करतो, पेटी रुंद करत नाही. ऑस्कर फूटभर होतो आणि भाच्याची पेटी दीड फूट रुंद आहे. पाच ऑस्कर एकदम वळायला निघाले की काय होते ते आम्ही पाहिले आहे. भाच्याला ते मान्य नाही. त्याची अम्मी मात्र दर जुम्याच्या बादल्यांना कंटाळली आहे.

या बादल्यांचा खरा अर्थ आम्हाला लातूरने शिकवला. आमचे साडूभाई तिथे गंजगोलाईजवळ भांड्यांचा व्यापार करतात. त्यांच्याकडे ४ बाय दीड बाय दीड फुटांची पेटी होती, अडीचशे लिटरची. तिच्यात एक अरोवाना आणि दोन ऑस्कर. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले, नळ गेले, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचा हुकूम लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत आम्ही वसुलीसाठी लातूरला गेलो होतो. रात्री साडूभाई नळी लावून पेटीतले पाणी काढत होते. अर्धी पेटी म्हणजे सव्वाशे लिटर, आठ-नऊ घागरी. खिडकीखालून घागरींची रांग दिसत होती आणि रांगेतून खिडकी दिसत होती. साडूभाईंनी उठून पडदा ओढला. म्हणाले, "भाईसाहेब, काढलेले पाणी भांडी घासायला आणि मोरीत वापरतो, वाया नाही घालवत. पण पेटीत नवीन ओततो ते तर पिण्याचेच ना?"

पेटीत दोन-दोन इंचांचे दहा मासे असते तर आठवड्याला दोन बादल्यांत भागले असते. पेटी मोठ्या माशांनी भरलेली, म्हणून दर आठवड्याला सव्वाशे लिटर. पाणी बदलावे तर शेजाऱ्याचा हक्क मारल्यासारखे होते, न बदलावे तर मुका जीव तडफडतो. साडूभाईंनी मासे परत करायचे ठरवले. ज्याच्याकडून घेतले होते त्याने हात वर केले, "मोठा झालेला माल आम्ही घेत नाही." नांदेडात आम्ही दोन ठिकाणी विचारले, तेच उत्तर. लहान असताना मोल, मोठा झाल्यावर ओझे. शेवटी अरोवाना महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला फुकट दिला. त्याच्या पेटीत आधीच चार मोठे मासे होते. पुढे काय झाले ते साडूभाईंनी विचारले नाही, आम्हीही नाही.

अरोवाना निघाला आहे तर थोडे विषयांतर करतो. हा ॲमेझॉनकडचा चंदेरी मासा अडीच-तीन फुटांचा होतो, उडी मारण्यात पटाईत. पण आपल्याकडे तो विकला जातो बरकतीच्या नावावर. गल्ल्यासमोर ठेवा, पैसा येतो. आणि मेला तर? तर विकणारा सांगतो की घरावरची बला त्याने स्वतःवर घेतली, आता दुसरा आणा. ऐब असलेल्या मालाला याहून सोयीची वॉरंटी आम्ही पन्नाशी ओलांडेपर्यंत पाहिली नव्हती. आमच्या दुकानातले थान विरले तर 'तुमच्या अंगावरची बला थानाने घेतली' असे सांगून पाहावे म्हणतो. नमाज-रोज्याचे पाबंद असलेले लोकही या शगुनाच्या नादी लागतात, याचे नवल वाटते.

सरकारने यात हात घातला नव्हता असे नाही. २३ मे २०१७ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने जनावरांच्या बाजारांविषयीचे नियम काढले. ते आपल्या कुरेशी बांधवांना, शेतकऱ्यांना चांगलेच आठवत असतील, कारण ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच दिवशी, त्याच कायद्याखाली, मासे विकणाऱ्या दुकानांचेही नियम निघाले होते. बैलांच्या गदारोळात माशांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. दुकानाची नोंदणी, तज्ज्ञ माणूस, गोल भांड्यांना मनाई, कित्येक जातींच्या विक्रीला बंदी, असा तो सारा प्रकार होता. मद्रासपासून कलकत्त्यापर्यंतच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि ते नियम पुढे मागे घेतले गेले. आम्हाला त्याचा आनंदच झाला. छोट्या दुकानदाराने तज्ज्ञ कुठून आणायचा? अशा नियमांतून माशाचे भले थोडे होते आणि तपासायला येणाऱ्याचे जास्त. पण नियम गेला म्हणून ज्या कारणाने तो आला होता ते कारण गेले असे समजणे चूक आहे. आपण आपले घर साफ ठेवले नाही तर उद्या कोणीतरी झाडू घेऊन येणारच, आणि तो झाडू कसा फिरतो याचा अनुभव आपल्याला आहे.

आता आमच्या त्या बादलीकडे वळू. परदेशी मासा नदीत सोडणे हा सवाब नाही, नुकसान आहे. पेटीची काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा 'सकर' मासा लोकांनी असाच सोडून दिला. तो आंध्रातल्या तळ्यांत आणि आपल्या उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. त्याला भाव नाही, अंगावर काटे, जाळे फाडतो. काश्मीरच्या दल सरोवरात २०२३ च्या मे महिन्यात मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकेतला गार मासा सापडला, तोही कोणाच्या तरी पेटीतलाच असणार. विष्णुपुरीच्या पाण्यावर जाळी टाकून पोट भरणारी माणसे आमची गिऱ्हाइके आहेत, लुंगी आणि चादर आमच्याकडून नेतात. त्यांच्या पाण्यात आम्ही काय सोडून आलो हे आम्ही त्यांना अजून सांगितलेले नाही. कागदावर मात्र आज लिहून टाकले.

मग करावे काय? आमच्या ओळखीचा एक मासेवाला आहे, सरळ माणूस. तो म्हणतो, "खरे सांगितले की हा दोन फुटांचा होईल, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून तोच मासा घेते. मी उपाशी मरू?" हे दुखणे प्रत्येक व्यापाऱ्याच्या ओळखीचे आहे. यावर आम्ही त्याला कापडाची गोष्ट सांगितली. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आमच्या वडिलांच्या काळी काही दुकानदार हे लपवत, शर्ट आखूड झाला की शिंप्यावर ढकलत आणि शिंपी धोब्यावर. पुढे गिरण्या न आटणाऱ्या कापडाच्या किनारीवर 'सॅन्फोराइज्ड' असा छाप मारू लागल्या आणि गिऱ्हाईक तो छाप पाहून जास्त दाम देऊ लागले. छाप नसलेल्या कापडाला आमचे वडील सांगत, "हे दोन बोटे आटेल, पाव मीटर जास्त घ्या." गिऱ्हाईक पळाले नाही. पाव मीटर जास्त घेऊन गेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. आमचा माल आटतो आणि माशाचा वाढतो, एवढाच फरक. जो वाढ सांगेल तो एक तर मोठी पेटी विकेल, नाही तर लहान जातीचे मासे. दोन्हींत त्याचाच फायदा आहे. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या पेटीत जवळपास पावणेसातशे लिटर पाणी असते, म्हणजे पावणेसातशे किलो वजन. तिला जाड काच लागते, मजबूत स्टँड लागतो, हुशार कारागीर लागतो. ही मजुरी आपल्याच मुलांच्या घरात जाते. चाळीस रुपयांच्या पिल्लात कोणाचे घर चालले आहे?

आम्ही त्याला म्हटले, प्रत्येक पेटीवर चिठ्ठी लाव. माशाचे खरे नाव, पूर्ण वाढ किती, उमर किती, पेटी किती फुटांची लागते, आणि सर्वांत खाली, मोठा झाल्यावर निम्म्या किमतीत परत घेऊ. शेवटच्या ओळीवर तो अडला. निम्मी किंमत नाही, फुकट परत घेईन म्हणाला. आम्ही पाव किमतीवर आणले. चिठ्ठ्या आमच्या दुकानातल्या किमतीच्या कार्डांवर लिहून दिल्या, मराठीत एका बाजूला आणि उर्दूत दुसऱ्या. उर्दू बाजू आमच्या हातची आहे. मराठी भाच्याने लिहिली, कारण आमचे मराठी अक्षर अजून दुकानाच्या वहीपुरतेच आहे. ऑस्करच्या चिठ्ठीवर त्याने 'चार फुटी पेटीत दोन' असे लिहिले. त्याच्या घरी अजून पाच आहेत, हे आम्ही त्याला आठवण करून दिले नाही. पहिल्या महिन्यात त्या दुकानात शार्क कमी खपल्या. दोन फुटी पेट्या मात्र नेहमीएवढ्याच गेल्या आणि एक सहा फुटी पेटीही गेली.

आमच्या गादीजवळची पेटी अजून तिथेच आहे. तिच्यात आता पंधरा-वीस गप्पी आहेत, इंच-दीड इंचांचे. आठवड्याला दोन बादल्या पाणी लागते. परवा एक छोटा मुलगा काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला आणि मग नाराज होऊन आम्हाला म्हणाला, "चाचा, मोठे कुठे गेले?"